ट्रेकचं जॅकेट धुणं आणि पुन्हा वॉटरप्रूफ करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की माझ्याकडे जॅकेटं यायला लागतात. आमच्या नाशिकच्या ट्रेक ग्रुपमधलं कुणीतरी पिशवीत कोंबलेलं जॅकेट आणून देतं आणि म्हणतं, "ताई, हे गेलं. पाणी आत येतंय. आता नवीन कुठलं घेऊ?" मी ते ठेवून घेते. बादलीत धुते, वाळवते, वरून इस्त्री फिरवते, गरज पडलीच तर स्प्रे मारते आणि आठवड्याने परत देते. आजवर हातात आलेल्यांपैकी खरोखर गेलेली जॅकेटं थोडी. बाकीची नुसती मळलेली होती. चांगलं जॅकेट घ्यायला लोक महिनोन् महिने पैसे साठवतात आणि दोन पावसाळ्यांत ते माळ्यावर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

इथे जॅकेट म्हणजे पाणी आत न येऊ देणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं जॅकेट किंवा पँट. साध्या रेनकोटाबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

जॅकेट पाणी प्यायला लागलं. म्हणजे ते संपलं का?

बहुतेक वेळा नाही. आधी जॅकेटची रचना डोळ्यांसमोर आणा. बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड असतं. त्याला आतून एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो मेम्ब्रेन. पाणी खऱ्या अर्थाने अडवतो तो हा पापुद्रा. बाहेरच्या कापडाच्या धाग्यांवर आणखी एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. थेंबाला कापडावर पसरू न देणं, त्याला गोल ठेवून घरंगळवून देणं, एवढंच त्या लेपाचं काम. अळूच्या पानावर पाणी ओतलं की ते मोत्यासारखं पळतं, तसं.

हा लेप मळाने झाकला गेला किंवा झिजला की थेंब पसरतो. कापड पाणी पितं, गडद दिसतं, जड होतं. पाणी अजून आत आलेलं नसतं. पण भिजलेल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. वर ते ओलं कापड गारठतं आणि त्याच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी होतं, थंड तांब्याला बाहेरून सुटतं तसं. आपण बाही चाचपतो, ओली लागते, आणि म्हणतो जॅकेट गळतंय.

खांदे आणि कंबर आधी भिजतात, कारण सॅकचे पट्टे तिथेच घासतात. तेवढ्यावरून जॅकेट टाकून देऊ नका.

धुतल्याने वॉटरप्रूफपणा निघून जातो ना? म्हणून आम्ही धुतच नाही.

हा समज मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त जॅकेटं यानेच वाया जातात. धुण्याने लेप जात नाही. चुकीच्या पावडरीने धुण्याने तो झाकला जातो, आणि अजिबात न धुण्यानेही झाकला जातो.

हे मला कळलं ते निफाडला, कांद्याच्या वावरात. सासरे फवारणीची तयारी करत होते. औषध टाकीत ओतलं, मग वेगळ्या बाटलीतून थोडं स्टिकर घातलं. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "सूनबाई, पात मेणचट असते. नुसतं पाणी मारलं तर थेंब खाली पळतो. स्टिकर घातलं की तो पसरतो आणि पातीला धरून राहतो." आणि त्यांनी एका पातीवर नुसतं पाणी शिंपडलं, शेजारच्या पातीवर टाकीतलं. पहिल्या पातीवर मणी झाले आणि गळून गेले. दुसरी पात वरपासून खालपर्यंत ओली झाली.

कपडे धुण्याची पावडर जॅकेटवर तेच काम करते. तिच्यातले जे घटक मळ सोडवतात, तेच पाण्याचा ताण मोडून थेंब पसरवतात. नीट खंगाळलं गेलं नाही तर ते धाग्यांवर चिकटून राहतात आणि पाऊस पडला की पाण्याला हाताला धरून कापडात घेऊन जातात. घाम, धूळ, केसांचं तेल, चुलीचा धूर यांचंही तसंच. तेव्हा जॅकेट धुवायचंच, फक्त त्याच्या अंगावर स्टिकर राहता कामा नये.

हा मेम्ब्रेन नेमका असतो कसा? पाणी आत नाही, वाफ मात्र बाहेर, हे कसं जमतं?

वाफ म्हणजे सुटे सुटे रेणू, आणि थेंब म्हणजे त्यांचा प्रचंड मोठा जमाव. पापुद्र्याला इतकी बारीक छिद्रं असतात की एकेकटा रेणू जातो, जमाव अडतो. सगळ्यात प्रसिद्ध मेम्ब्रेन गोर-टेक्स. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, कांड्या तापवून ताणायचा प्रयत्न करत होते. हळू ताणलं की कांडी तुटायची. एकदा त्यांनी जोरात हिसका दिला आणि ती कितीतरी पट लांबली, आतून सच्छिद्र होऊन. त्यातूनच पुढे सत्तरच्या दशकात पावसाळी कपडे आले. गोर-टेक्स बनवणारी गोर कंपनी सांगते की यातलं एक छिद्र पाण्याच्या थेंबाहून सुमारे २०,००० पट लहान आणि वाफेच्या रेणूहून सुमारे ७०० पट मोठं असतं.

स्वस्त जॅकेटांत बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर असतो. पुष्कळ पीयू थरांना छिद्रं नसतातच. ओलावा त्या थरात मुरून पलीकडे निघतो. तोही चांगलं काम करतो, पण त्याचं आयुष्य आपल्या हवेत कमी. त्याबद्दल पुढे.

लेबलवर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं याचं माप. वाफ किती जाते याचं माप वेगळं असतं, एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम, असं. दोन्ही आकडे नव्या कोऱ्या, स्वच्छ कापडाचे असतात हे लक्षात ठेवा.

मग आतून ओलं होतं ते गळतीने की घामाने, हे ओळखायचं कसं?

वाटीने. एक स्टीलची वाटी घ्या, तिच्यावर जॅकेटचा संशय असलेला भाग बाहेरची बाजू वर ठेवून पसरा, मधे जरा खोलगट करा आणि त्या खळग्यात अर्धा कप पाणी ओता. पंधरा मिनिटं हात लावू नका. मग कापड उचलून वाटीचा तळ बघा.

वाटी कोरडी आणि वरचं कापडही कोरडं: जॅकेट ठणठणीत आहे. वाटी कोरडी, पण वरचं कापड गडद होऊन भिजलंय: लेप झोपलाय, मेम्ब्रेन शाबूत आहे, धुऊन काम होईल. वाटीत थेंब पडलेत: मेम्ब्रेनला भोक आहे, किंवा शिवणीवरची पट्टी सुटली आहे. शिवणीची चाचणी वेगळी करा, कारण पुष्कळदा कापड चांगलं आणि खांद्याची शिवण गळकी असते.

शिवाय आपल्याकडचा श्रावण लक्षात घ्या. वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असावी लागते. ऑगस्टमध्ये हरिहर गडाच्या पायऱ्यांवर हवा उबदार आणि दमट, अंगातून धारा. त्या हवेत कितीही महाग जॅकेट घाम पुरता बाहेर टाकू शकत नाही. चढताना काखेखालच्या चेन उघडा, पाऊस भुरभुर असेल तर जॅकेट काढा. हा जॅकेटचा दोष नव्हे.

धुवायला काय वापरू?

उत्तम म्हणजे अशा कपड्यांसाठीच मिळणारं द्रव क्लीनर. निकवॅक्सचं टेक वॉश किंवा ग्रँजर्सचं, ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. एक बाटली एका घराला दोन पावसाळे सहज पुरते.

ते नसेल तर लोकरीच्या कपड्यांसाठीचा सौम्य द्रव साबण अगदी कमी घ्या आणि खंगाळताना हात आखडू नका. मी तीन-चार पाण्यांतून काढते. शेवटच्या पाण्यात हात ढवळला आणि बुडबुडा उठला, तर अजून एक पाणी.

नेहमीची पावडर, निळी वडी, ब्लीच आणि कपडे मऊ करणारं सुगंधी कंडिशनर, ही चार जॅकेटजवळ आणू नका. त्यातलं कंडिशनर सगळ्यात वाईट. ते धाग्यांवर बसतं, आणि ते बसावं म्हणूनच बनवलेलं असतं.

बादलीत धुण्याची तुमची पद्धत सांगा.

आधी खिसे रिकामे करते. तिकिटं, गोळीचा कागद, एकदा तर भिजून पीठ झालेली शेंगदाण्याची चिक्की निघाली होती. मग सगळ्या चेन बंद, वेल्क्रो बंद, दोऱ्या सैल. वेल्क्रो उघडा राहिला तर त्याचे आकडे कापड खरवडतात.

बादली आधी घासून घेते, कारण तिच्यात कालच्या पावडरीचा थर असतोच. पाणी कोमट, साधारण ३० अंश, म्हणजे हाताला गरम न वाटणारं. त्यात बाटलीवरच्या मापाने क्लीनर. जॅकेट दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवते आणि मग दोन्ही हातांनी दाबत, सोडत, उलटंपालटं करत राहते. धोपटायचं नाही, दगडावर आपटायचं नाही, ब्रश फक्त मऊ आणि फक्त कॉलर-मनगटाला. पहिल्या पाण्याचा रंग बघितला की लोकांना धक्का बसतो. स्वच्छ दिसणाऱ्या निळ्या जॅकेटमधून चहासारखं पाणी निघतं.

खंगाळून झालं की पिळायचं नाही. पिळलं की आतला पापुद्रा मुरगळतो आणि शिवणीच्या पट्ट्या सुटतात. नळावर टांगून पाणी निथळू द्यायचं, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबायचं.

वॉशिंग मशीनमध्ये चालेल?

समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हळुवार सायकल, ३० अंश, जास्तीचं रिन्स, स्पिन सगळ्यात कमी. आधी पावडरीचा कप्पा धुऊन काढा आणि मशीन एकदा रिकामं फिरवा.

वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मी घालत नाही, आणि जॅकेट स्पिनला लावू नका असं कळकळीने सांगते. कापडातून पाणी निघत नाही, ते जॅकेटच्या फुग्यात अडकून राहतं. ड्रम वेगाने फिरताना ते एका बाजूला गेलं की मशीन जोरात हादरतं, नुकसानही होतं. मशीनच्या पुस्तिकेत बहुधा हा इशारा असतो. आपण तो वाचत नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. फरक पडतो?

पडतो. ज्या पाण्याला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग राहतात, त्या पाण्यात साबणाची साय धरते आणि ती धाग्यांवर बसते. धुणं बोअरवर करा हवं तर, पण शेवटची दोन पाणी नळाची किंवा पावसाची घ्या. पागोळ्यांखाली स्वच्छ पिंप लावलं तर पावसाळ्यात प्रश्नच मिटतो. पहिल्या पावसाचं मात्र घेऊ नका, त्यात छपराची धूळ उतरते.

कॉलर आणि टोपी तेलकट होते. ते कसं काढायचं?

डोक्याला खोबरेल लावून ट्रेकला जाणारे आपण, त्यामुळे टोपीचा आतला काठ आणि कॉलर इथूनच जॅकेट आधी हरतं. तेल कापडातून हळूहळू मेम्ब्रेनकडे सरकतं, आणि पीयूचा थर त्याने लवकर सुटतो. डास पळवणारी मलमं आणि सनस्क्रीन यांचंही तसंच. मलम लावलेले हात जॅकेटला पुसू नका, काही औषधं तर प्लास्टिकच विरघळवतात.

कॉलर कोरडी असतानाच तिच्यावर क्लीनरचे पाच-सहा थेंब टाका, बोटाने पसरा, दहा मिनिटं थांबा. मग जुन्या मऊ टूथब्रशने गोल गोल, दाब न देता. नंतर पूर्ण जॅकेट धुवा. फारच जुनाट तेल असेल तर दोनदा करा. आणि ट्रेकच्या आदल्या दिवशी डोक्याला रुमाल बांधण्याची तयारी ठेवा. सुती रुमाल टोपीपेक्षा धुवायला सोपा.

ब्रह्मगिरीच्या फेरीहून आलो, पाठीपर्यंत चिखल आहे. लगेच धुऊ का?

तिसऱ्या श्रावणी सोमवारी फेरी करून आलेल्या कपड्यांचा हा प्रश्न दर वर्षी येतो. ओला चिखल चोळू नका. त्यातली बारीक रेती वाळूच्या कागदासारखी लेपाला घासते. नळाच्या सौम्य धारेने वाहून जाईल तेवढा जाऊ द्या, जॅकेट सावलीत टांगा, उरलेला वाळला की मऊ ब्रशने झटका, मग धुवा. मात्र ओलं जॅकेट गोळा करून गाडीच्या डिकीत दोन दिवस ठेवू नका. बुरशीचे काळे ठिपके एकदा धरले की पुरते कधीच जात नाहीत.

धुतलं, तरी पाणी अजून पसरतंय. आता?

आता उष्णता. कित्येकांना ही पायरी माहीतच नसते. डीडब्ल्यूआरचे रेणू धाग्यावर बारीक केसांसारखे उभे असतात अशी कल्पना करा. वापराने आणि धुण्याने ते आडवे पडतात. पुष्कळ लेप उष्णतेने पुन्हा उभे राहतात.

परदेशी लेबलांवर ड्रायरमध्ये २० मिनिटं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ड्रायर थोड्या घरांत. मी इस्त्री वापरते. आधी लेबल बघा. इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत चालेल; इस्त्रीवर फुली असेल तर हात लावू नका, हेअर ड्रायरने वीतभर अंतरावरून ऊब द्या. इस्त्री नायलॉनच्या खुणेवर, वाफ बंद. जॅकेट पूर्ण वाळलेलं हवं. त्यावर पातळ सुती पंचा आणि त्यावरून इस्त्री, एका जागी न थांबता. चेन, रबरी छपाई आणि चमकणाऱ्या पट्ट्या सोडून द्या.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीला विश्वास बसेना, म्हणून तिच्या जॅकेटच्या एकाच बाहीवर इस्त्री फिरवली आणि दोन्ही बाह्यांवर चमच्याने पाणी टाकलं. डाव्या बाहीवर पाणी पसरलं, हिरवा रंग काळपट झाला. उजव्या बाहीवर तेच पाणी टपोऱ्या थेंबांत फुटलं, मनगटाकडे घरंगळलं आणि ओट्यावर टपकलं. ती बाही पुन्हा पुन्हा वाकडी करून बघत राहिली. त्या जॅकेटला अजून स्प्रेचा थेंबही लागलेला नाही.

पुन्हा वॉटरप्रूफिंग कधी करायचं? पाण्यात घालायचं औषध घ्यावं की स्प्रे?

धुतलं, ऊब दिली, तरी वाटीवर कापड भिजतं, तेव्हा. त्याआधी नाही. मळावर लेप चढवला तर मळच वॉटरप्रूफ होतो.

पाण्यात घालायचं औषध सगळीकडे सारखं लागतं आणि एकच थर दिसणाऱ्या, अस्तर नसलेल्या जॅकेटला ते सोयीचं. पण जॅकेटला आत घाम शोषणारं जाळीचं किंवा सुती अस्तर असेल तर ते औषध अस्तरालाही लागतं आणि अस्तर घाम टिपेनासं होतं. अशा जॅकेटला स्प्रेच. मला स्वतःला स्प्रे आवडतो, कारण खांदे, टोपी, बाह्या अशा झिजलेल्या जागी जास्त मारता येतो आणि औषध वाया जात नाही.

स्प्रे मारताना जॅकेट नुकतं धुतलेलं, ओलं असू द्या. हँगरवर अडकवा, गच्चीत किंवा गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवून. पंधरा सेंटिमीटरवरून, वरून खाली. शिवणी विसरू नका. दोन मिनिटांनी जास्तीचे थेंब ओल्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर पांढरे डाग राहतात. मग वाळू द्या. नंतर ऊब द्यायची की नाही ते बाटलीवर वाचा: काही औषधांना ती लागते, काही हवेतच बसतात.

ड्रायक्लीनला दिलं तर त्रास वाचेल का?

नका देऊ. माझं पहिलं चांगलं जॅकेट मी असंच दिलं होतं. एका लॉन्ड्रीत टाकलं, लेबल दाखवलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. परत आलं तेव्हा कडक घडी होती, छान वास होता आणि कॉलरच्या मागे पापडासारखे फुगे आले होते. ड्रायक्लीनच्या द्रावणाने पापुद्र्याचा गोंद सुटला होता आणि वाफेच्या इस्त्रीने उरलेलं काम केलं होतं. त्या पावसाळ्यात कळसूबाईच्या शिड्यांवर पाठीवरून थंड पाण्याची रेघ उतरत होती, ती मी अजून विसरले नाही. वर्तुळावर फुली हे लेबलवरचं चिन्ह ड्रायक्लीन नको असं सांगतं. ते मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

आतून पांढरी साल निघतेय, हाताला चिकट लागतंय.

हे मात्र खरंच संपलं. पीयूचा थर दमट, उष्ण हवेत पाण्याशी हळूहळू अभिक्रिया होऊन विरतो. वापर कमी केला तरी विरतो, घडी घालून बंद कपाटात ठेवला तर लवकर विरतो. कुठल्याही धुण्याने किंवा स्प्रेने तो परत येत नाही, आणि कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. वाऱ्यासाठी स्कूटरवर घाला. किंवा चांगल्या उरलेल्या भागाचे चौकोन कापून ठेवा, बसायला खाली घ्यायला उपयोगी पडतात.

करवंदीच्या काट्याने भोक पडलं. शिंप्याकडे देऊ?

सुईचं प्रत्येक भोक म्हणजे नवी गळती, म्हणून आधी ठिगळपट्टी. जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, नायलॉनची चिकट दुरुस्तीपट्टी भोकाच्या चारी बाजूंना बोटभर जास्त अशी कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा सॅकला अडकून उचकटतो. दाबून बसवा, रात्रभर वर जड डबा ठेवा. फाटलेलं मोठं असेल तर शिवावंच लागतं. मग आतून शिवणीवर सीम सीलर, म्हणजे सुईची भोकं बुजवणारा गोंद, लावा. सुटलेली शिवणपट्टी कधी कधी पंचा घालून कोमट इस्त्रीने परत बसते, आधी तेवढं करून बघा.

हेच जॅकेट घालून द्राक्षबागेत फवारणी केली तर?

कृपा करून करू नका. वर सांगितलेलं स्टिकर आठवा. पाण्याचा थेंब अडवणारा लेप स्टिकर घातलेल्या औषधाला अडवत नाही, ते कापडात शिरतं आणि तुमच्या अंगाजवळ राहतं. फवारणीचा पोशाख वेगळा असतो, तोच घाला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. एकदा औषध लागलेलं जॅकेट पुन्हा ट्रेकला, लेकराबाळांच्या जवळ, नको.

या लेपांतली रसायनं घातक आहेत असं ऐकलं. खरं का?

जुने लेप फ्लोरिन असलेल्या रसायनांचे असायचे. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. त्यांपैकी पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा न मोडणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. आता बऱ्याच कंपन्या ती सोडत आहेत. गोर कंपनीनेही २०२२ मध्ये फ्लोरिन नसलेला नवा मेम्ब्रेन आणला. निकवॅक्सची औषधं फ्लोरिनविना असतात.

नव्या लेपांची एक अडचण आहे. ते पाणी झटकतात, पण जुन्यांसारखं तेल झटकत नाहीत. म्हणजे नवं जॅकेट लवकर मळतं आणि जास्त वेळा धुवावं लागतं. पावसाळ्यात मी दर चार-पाच ट्रेकनंतर धुते.

आणि धुण्याचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा धरणाच्या काठी टाकू नका. गंगापूर धरणाचं पाणी आपण पितो, आणि गोदावरी इथून पुढे किती गावांना जाते.

साधा रेनकोट, पॉंचो, विंडचीटर यांचं काय?

पीव्हीसीचा रेनकोट ओल्या फडक्याने पुसा, इस्त्री लावू नका, वितळेल. पीयू लेपाचा रेनसूट गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. विंडचीटरला मेम्ब्रेन नसतो, तो मुसळधार पावसात भिजणारच. पण धुऊन स्प्रे मारला तर भुरभुर झेलतो. धनगराची घोंगडी मला इथे नेहमी आठवते. लोकरीतल्या मेणामुळे ती पाऊस झटकते आणि उबही देते. कडक साबणाने धुतली की तिचंही मेण निघून जातं.

पावसाळा संपला. जॅकेट कसं ठेवू?

दिवाळीच्या आत शेवटचं धुणं उरका, कारण घामातलं मीठ आणि तेल आठ महिने आत बसलं तर तेच पापुद्रा खातं. दोन दिवस सावलीत वाळवा, आतून उलटं करून एक दिवस. कडक उन्हात टांगू नका, नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं. रुंद हँगरवर, कपाटात, हवा लागेल असं. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा जॅकेटच्याच छोट्या थैलीत दाबून नको. माळा तर नकोच, एप्रिलमध्ये पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. कापडाच्या पुरचुंडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवलेला पुरतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर काढा आणि वाटीची चाचणी करा. स्प्रे मारायचा निघाला तर तेव्हाच मारून घ्या. जूनच्या मध्यानंतर इगतपुरीकडून ढग आले की आठ-आठ दिवस काही वाळत नाही.